विश्लेषण : प्लॅन २०० एमबीपीएसचा, मग आतल्या खोलीत व्हिडीओ कॉल का अडकतो? राऊटरच्या कोणत्या सेटिंग तपासाव्यात?

हॉलमध्ये राऊटरशेजारी बसले की इंटरनेट सुसाट. आतल्या खोलीत दार लावून ऑनलाइन मुलाखतीला बसले की आवाज तुटतो, चित्र गोठते. शहरांतल्या सोसायट्यांमध्ये हा अनुभव नवा नाही. त्यावर बहुतेक घरांत एकच उपाय होतो, तो म्हणजे कंपनीला फोन करून मोठा प्लॅन घेणे. महिन्याचे बिल वाढते, हॉलमधला वेगही वाढतो, पण आतली खोली जिथल्या तिथे राहते. कारण अनेकदा दोष घरापर्यंत आलेल्या फायबरचा नसतोच. तो राऊटर आणि फोन यांच्यामधल्या शेवटच्या आठ-दहा मीटरच्या हवेतला असतो. या हवेत तुमच्याबरोबर वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांचेही वाय-फाय बोलत असते. राऊटरच्या रेडिओ सेटिंग म्हणजे या गर्दीत कसे बोलायचे याचे नियम. ते समजून घेतले, तर बऱ्याच घरांत एक रुपयाही खर्च न करता फरक पडू शकतो.

अडचण लाइनची की वाय-फायची, हे कसे ओळखायचे?

ज्या डब्याला आपण सरसकट ‘राऊटर’ म्हणतो, तो प्रत्यक्षात अनेक कामे करतो. फायबरमधला प्रकाश सिग्नलमध्ये बदलणे हे पहिले काम. घरातल्या सगळ्या उपकरणांना एका कनेक्शनवर वाट करून देणे हे दुसरे, खरे राऊटरचे काम. आणि हा डेटा रेडिओ लहरींवरून फोनपर्यंत पोहोचवणे हे तिसरे. या तिसऱ्या भागाला ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणतात. काही घरांत हे भाग वेगवेगळ्या डब्यांत असतात, बहुतेक घरांत एकाच.

दोष कुठे आहे हे ठरवण्याची खात्रीची पद्धत म्हणजे लॅन केबल. लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडून स्पीड टेस्ट करावी. मग तीच चाचणी वाय-फायवर आधी राऊटरजवळ आणि नंतर आतल्या खोलीत करावी. केबलवरही वेग कमी मिळत असेल, तर तक्रार कंपनीकडे करायची. केबलवर पूर्ण वेग आणि खोलीत त्याच्या दहावा हिस्सा अशी स्थिती असेल, तर प्लॅन वाढवून उपयोग नाही. टाकी भरलेली असताना नळ बारीक असल्यासारखा हा प्रकार आहे. लॅपटॉप नसेल, तर राऊटरपासून दोन मीटरवर फोनने ५ गिगाहर्ट्झवर घेतलेला आकडा साधारण अंदाज देतो.

चाचणी रात्री नऊ-दहाच्या सुमारास करावी. दुपारी शांत असलेली इमारत तेव्हा जागी असते आणि खरी परीक्षा तेव्हाच होते.

वाय-फायच्या लहरींवर हक्क कुणाचा?

मोबाइल कंपन्या त्यांच्या लहरींसाठी लिलावात पैसे मोजतात. त्या लहरी त्या भागात त्यांच्याच असतात. वाय-फायचे तसे नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा भाग परवान्याविना वापरण्यास मोकळा करण्यात आला. म्हणजे ठरलेल्या मर्यादेत कुणीही राऊटर लावू शकतो.

या सवलतीबरोबर एक अट येते. हा वापर सामाईक असतो, दुसऱ्याला अडथळा न करण्याच्या बोलीवर असतो आणि त्याला कोणतेही संरक्षण नसते. सोप्या भाषेत सांगायचे तर शेजारच्या राऊटरमुळे तुमचे वाय-फाय मंदावले, तर ‘माझ्या लहरींवर अतिक्रमण झाले’ अशी तक्रार करता येत नाही. इमारतीच्या जिन्यासारखी ही जागा सगळ्यांची आहे. त्यामुळे पुढच्या प्रत्येक सेटिंगमध्ये प्रश्न एकच आहे : आपल्याला पुरेल एवढी जागा घेऊन इतरांच्या वाटेतून बाजूला कसे राहायचे?

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ यांत फरक काय?

आजकालचे बहुतेक राऊटर दोन रेडिओ एकाच वेळी चालवतात. त्यापैकी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने चांगल्या जातात आणि लांब पोहोचतात. पण हा पट्टा अरुंद आहे, जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झचा. त्यात ब्लूटूथचे हेडफोन, वायरलेस माऊस आणि स्मार्ट बल्बही असतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. म्हणूनच जेवण गरम करताना व्हिडीओ अडकल्याचे काहींच्या लक्षात येते.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा कितीतरी मोठा आहे आणि त्यावर वेगही जास्त मिळतो. मात्र भिंती, विशेषतः सिमेंट-सळईच्या, या लहरी लवकर अडवतात. हा दोष वाटतो, पण दाट वस्तीत तोच गुण ठरतो. तुमचा सिग्नल जशी भिंत अडवते, तशीच ती शेजाऱ्याचाही अडवते. त्यामुळे ५ गिगाहर्ट्झवर प्रत्येक घराला आपापला कोपरा मिळण्याची शक्यता जास्त असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वाय-फायच्या नावापुढे ‘५जी’ लिहिलेले असते, त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. तिथे ‘जी’ म्हणजे गिगाहर्ट्झ. मोबाइलच्या ५जीमध्ये ‘जी’ म्हणजे पिढी. फोन ४जी असला तरी त्यावर ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय चालू शकते.

सेटिंगच्या पानावर कसे पोहोचायचे?

राऊटरच्या मागे किंवा तळाला स्टिकर असतो. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ यासारखा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड छापलेला असतो. घरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता इंग्रजी अंकांत टाइप केला, की लॉगिनचे पान उघडते. हा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही कंपन्यांचे स्वतःचे ॲप असते. त्यातही यातल्या काही सेटिंग मिळतात. आत गेल्यावर ‘वायरलेस’, ‘डब्ल्यूलॅन’ किंवा ‘रेडिओ’ या नावाचा विभाग शोधावा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झसाठी तिथे वेगवेगळे रकाने दिसतात.

बदल करण्याआधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. काही बिघडले तर मूळ आकडे हाताशी राहतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच जागी बसून पुन्हा चाचणी घ्यावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशाने पडला हे कळतच नाही. काही कंपन्यांच्या राऊटरमध्ये या सेटिंग ग्राहकाला बंद असतात. अशा वेळी ग्राहक सेवा केंद्राला ‘नेट स्लो आहे’ एवढेच न सांगता ‘२.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल ११ करून द्या’ असे नेमके सांगितले, तर काम होण्याची शक्यता जास्त असते.

चॅनेल १, ६ आणि ११ यांचाच आग्रह का?

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ अशी चॅनेल वापरता येतात. आकडे तेरा असले तरी जागा तेरा नाहीत. लगतच्या दोन चॅनेलमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचे असते आणि वाय-फायचा सिग्नल किमान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणजे चॅनेल ३ वर बोलणारा राऊटर १ वरच्यालाही त्रास देतो आणि ६ वरच्यालाही. एकमेकांना न छेदणारी चॅनेल म्हणून १, ६ आणि ११ ही तीनच धरली जातात.

अनेकांना वाटते, की १, ६, ११ वर गर्दी असेल तर मधले ३ किंवा ८ घ्यावे. हे उलटे पडते. वाय-फायची पद्धत ‘आधी ऐका, मग बोला’ अशी आहे. एकाच चॅनेलवरचे दोन राऊटर एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. वेग वाटला जातो, पण काम शिस्तीत होते. अर्धवट छेदणाऱ्या चॅनेलवर मात्र समोरच्याचे बोलणे कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. डेटा खराब होतो आणि तोच पुन्हा पाठवावा लागतो. रांगेत उभे राहणे आणि रांगेत मधेच घुसणे यांत जो फरक, तोच इथे आहे.

आपल्या घरात कोणते चॅनेल मोकळे आहे, हे फोनवरच पाहता येते. अँड्रॉइडवर ‘वायफाय ॲनालायझर’ प्रकारची मोफत ॲप आहेत. आयफोनवर ॲपलच्याच ‘एअरपोर्ट युटिलिटी’ ॲपमधला वाय-फाय स्कॅनर फोनच्या सेटिंगमधून सुरू करता येतो. पाहणी राऊटरजवळ न करता जिथे अडचण आहे त्या खोलीत करावी. १, ६, ११ पैकी ज्यावर सर्वांत कमी आणि सर्वांत क्षीण सिग्नल दिसतील, ते निवडावे.

‘ऑटो’ ठेवले तर चालत नाही का? चालते, पण अनेक घरगुती राऊटर ही निवड सुरू होतानाच करतात. सकाळी वीज गेली आणि इमारतीतले सगळे राऊटर एकदम सुरू झाले, की घाईत केलेली निवड दिवसभर कायम राहू शकते. शिवाय राऊटर त्याच्या जागेवरून ऐकतो, तुमच्या पलंगावरून नाही.

चॅनेल जितके रुंद तितके चांगले?

सेटिंगमध्ये ‘चॅनेल विड्थ’ किंवा ‘बँडविड्थ’ या नावाने २०, ४०, ८०, १६० असे पर्याय दिसतात. रुंदी दुप्पट केली की वेगाची कमाल मर्यादा साधारण दुप्पट होते. म्हणून मोठा आकडा निवडण्याचा मोह होतो. पण रुंदी दुप्पट झाली की आत येणारा गोंगाटही दुप्पट होतो, त्यामुळे पल्ला कमी होतो. शिवाय जास्त शेजाऱ्यांशी टक्कर होते.

२.४ गिगाहर्ट्झवर उत्तर सरळ आहे : २० मेगाहर्ट्झ. इथे ४० निवडणारा राऊटर तीन जागांपैकी जवळपास दोन जागा एकटाच अडवतो. लग्नाचा मांडव रस्त्यावर पसरावा, तसा.

५ गिगाहर्ट्झवर आपला प्लॅन पाहून ठरवावे. दोन अँटेनाच्या सामान्य फोनवर ‘वाय-फाय ५’ असेल, तर ४० मेगाहर्ट्झवर ४०० एमबीपीएसपर्यंत आणि ८० वर ८६७ एमबीपीएसपर्यंत जोडणी होते. प्रत्यक्षात हाती पडणारा वेग त्याच्या साधारण निम्मा ते साठ टक्के धरावा. म्हणजे १०० किंवा १५० एमबीपीएसच्या प्लॅनला ४० पुरेसे आहे. दाट इमारतीत ४० आणि मोकळ्या बंगल्यात किंवा मोठ्या प्लॅनसाठी ८० असा हिशेब ठेवायला हरकत नाही. १६० घ्यायचे तर घरातली उपकरणे ते वापरू शकतात का, हे आधी तपासावे.

याच हिशेबाने २.४ गिगाहर्ट्झची मर्यादाही कळते. २० मेगाहर्ट्झवर दोन अँटेनाच्या ‘वाय-फाय ४’ उपकरणाची जोडणी जास्तीत जास्त १४४ एमबीपीएसची होते. गर्दी नसली तरी हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास येणार. मग प्लॅन २०० चा असो वा ५०० चा. फोन या पट्ट्यावर अडकला असेल, तर मोठ्या प्लॅनचे पैसे पाण्यात जातात.

राऊटर सुरू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचे नाव उशिरा का दिसते?

काही घरांत राऊटर रीस्टार्ट केल्यावर २.४ चे नाव लगेच दिसते, ५ चे मात्र मिनिटभराने. हा बिघाड असेलच असे नाही. ५ गिगाहर्ट्झच्या मधल्या भागात रडारही काम करतात. हवामान खात्याचे सी-बँड डॉप्लर रडार साधारण ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. मुंबईत वेरावली इथे असा सी-बँड रडार २०२२ पासून आहे. पावसाळ्यात ढगांची हालचाल टिपणाऱ्या या यंत्रणेला घरगुती वाय-फायचा अडथळा होऊ नये, म्हणून ‘डीएफएस’ नावाची पद्धत आहे.

५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनेलवर जाण्याआधी अशा पद्धतीचा राऊटर किमान ६० सेकंद नुसते ऐकतो. रडार आढळला तर ते चॅनेल सोडतो आणि पुढची ३० मिनिटे त्यावर येत नाही. अशा वेळी चालू कॉल तुटू शकतो. कॉल अधूनमधून कारण नसताना तुटत असतील आणि ॲपमध्ये चॅनेल या गटातले दिसत असेल, तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या गटांतले चॅनेल निवडून पाहावे. रडारचा भाग टाळून ८० मेगाहर्ट्झच्या दोनच जागा उरतात, ४० च्या मात्र चार मिळतात. रुंदी आवरती ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

मात्र रडारच्या भागात घरगुती राऊटर कमी असल्याने तिथे अनेकदा शांतता असते. कॉल तुटत नसतील, तर तिथून हलण्याची गरज नाही. सेटिंगमध्ये देश ‘भारत’ निवडलेला असावा. जास्त चॅनेल किंवा जास्त पॉवर मिळते म्हणून दुसरा देश निवडण्याचे सल्ले फिरत असतात. तसे केल्यास इथल्या नियमांचा भंग होऊ शकतो.

ट्रान्समिट पॉवर कमाल ठेवावी का?

‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ किंवा १०० टक्के, ५० टक्के अशा स्वरूपात ही सेटिंग असते. कमाल ठेवली की फोनवर वाय-फायच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, पण वेग वाढेलच असे नाही. वाय-फाय हे दोघांचे संभाषण आहे. मंडळाच्या लाऊडस्पीकरवरचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येतो, पण तिथून कुणी साध्या आवाजात दिलेले उत्तर मंडपात पोहोचत नाही. फोनची बॅटरी आणि अँटेना लहान असते, त्याचा ‘आवाज’ राऊटरइतका मोठा नसतो. म्हणून व्हिडीओ कॉलमध्ये समोरचा आपल्याला दिसतो, पण आपला आवाज त्याला तुटक जातो.

लहान फ्लॅटमध्ये २.४ गिगाहर्ट्झची पॉवर ‘मीडियम’ करून पाहणे फायद्याचे ठरू शकते. याचा एक फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही. दोन्ही पट्ट्यांची पॉवर सारखी असेल, तर लांब पोहोचणारा २.४ चा सिग्नल फोनला जास्त दमदार वाटतो आणि फोन त्यालाच चिकटतो. तो थोडा खाली आणला की फोन ५ गिगाहर्ट्झकडे वळतो. ५ गिगाहर्ट्झची पॉवर मात्र कमी करण्याची घाई करू नये.

सिग्नलचा आकडा ॲपमध्ये ‘डीबीएम’मध्ये दिसतो आणि तो उणे असतो. उणे ५० उत्तम. व्हिडीओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंत ठीक. उणे ७५ च्या खाली गेला की अडचणी सुरू होतात. दर ३ डीबीएमला शक्ती निम्मी किंवा दुप्पट होते, त्यामुळे चार-पाच आकड्यांचा फरकही किरकोळ समजू नये.

एकच नाव ठेवावे की दोन?

‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ चालू असेल, तर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असते आणि कुठे जायचे ते राऊटर व फोन ठरवतात. हे नीट चालत असेल तर तसेच ठेवावे. फोन सारखा २.४ वर जात असेल, तर दोन वेगळी नावे द्यावीत. फोन, लॅपटॉप, टीव्ही ५ वर. स्मार्ट प्लग, दारावरचा कॅमेरा, जुना प्रिंटर २.४ वर. यातली अनेक उपकरणे फक्त २.४ वरच चालतात.

नावे मात्र गरजेपुरतीच असावीत. प्रत्येक नाव ‘मी इथे आहे’ अशी घोषणा सेकंदाला साधारण दहा वेळा करते, तीही सर्वांत संथ वेगात. वापरात नसलेले ‘गेस्ट’ नेटवर्क बंद केले तर तेवढी हवा मोकळी होते.

सुरक्षेची सेटिंग ‘डब्ल्यूपीए२-एईएस’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ असावी. जुन्या ‘टीकेआयपी’ पर्यायावर सुरक्षा तर कमी होतेच, शिवाय वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो. म्हणजे पासवर्डची एक चुकीची सेटिंगही वेग मारू शकते. बटण दाबून जोडणी करणारी ‘डब्ल्यूपीएस’ सोय वापरात नसेल तर बंद ठेवावी.

सेटिंग बदलूनही खोलीत वेग मिळत नसेल तर?

सेटिंगने भिंत पडत नाही. फायबर दारातून येते म्हणून राऊटर दाराशेजारी, टीव्हीमागे किंवा माळ्यावर बसवला जातो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिश टँक यांच्या आड तो असेल, तर आधी जागा बदलावी. घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ही चांगली जागा. बहुतेक वेळा फायबरची तार चार-पाच मीटर वाढवून घेणे पुरते.

तरीही एक खोली कोरडीच राहत असेल, तर तिथपर्यंत लॅन केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणे हा टिकाऊ उपाय. दोन्हींची चॅनेल वेगळी ठेवावीत, उदाहरणार्थ एकाला १ आणि दुसऱ्याला ६. प्लगमध्ये बसणारा स्वस्त ‘रिपीटर’ ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा हवेत बोलतो. एकाच पट्ट्यावरचा असेल तर वेग निम्म्यावर येतो. आणि जिथे सिग्नल आधीच क्षीण आहे तिथे तो लावला, तर क्षीण सिग्नलच पुढे पाठवला जातो. टीव्ही आणि डेस्कटॉपसारखी जागेवरून न हलणारी उपकरणे केबलने जोडली, की उरलेल्यांना हवा मोकळी मिळते.

सोसायटीने काय करता येईल?

एका घराने चॅनेल बदलले तर त्याला काही दिवस आराम मिळतो. पण प्रत्येकाने रुंदी कमाल, पॉवर कमाल केली, तर कुणालाच आराम मिळत नाही. पार्किंगच्या आखलेल्या रेषांसारखे हे आहे. एका मजल्यावर तीन-चार घरे असतील, तर आपसांत १, ६, ११ वाटून घेता येतात. वरच्या-खालच्या घरांनी क्रम फिरवला, तर स्लॅबपलीकडचा शेजारीही टळतो. २.४ वर सर्वांनी २० मेगाहर्ट्झ ठेवायचे एवढे एकच ठरले, तरी इमारतीत दोनाऐवजी तीन रांगा उभ्या राहतात. त्यासाठी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आणि एक संध्याकाळ पुरते.

पुढे गर्दी कमी होईल का?

केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागातला, म्हणजे ५,९२५ ते ६,४२५ मेगाहर्ट्झचा ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त करण्याबाबत मसुदा नियम प्रसिद्ध केले. घरातल्या कमी शक्तीच्या वापराचा त्यात विचार आहे. ‘वाय-फाय ६ई’ आणि ‘वाय-फाय ७’ उपकरणांसाठी हा पट्टा महत्त्वाचा आहे. पण त्यासाठी राऊटर आणि फोन दोन्ही नवे लागतात. या लहरी भिंतींसमोर ५ गिगाहर्ट्झपेक्षाही हळव्या असतात. आणि ही जागाही सामाईकच असणार. हातातल्या फोनवर, आज रात्रीच्या कॉलसाठी, वर सांगितलेल्या सेटिंगच कामाला येतील.

एका नजरेत

– आधी केबलवर चाचणी, मग प्लॅनचा विचार.
– २.४ गिगाहर्ट्झ : चॅनेल १, ६ किंवा ११, रुंदी २०, पॉवर मध्यम करून पाहावी.
– ५ गिगाहर्ट्झ : दाट इमारतीत रुंदी ४०, मोकळ्या जागी ८०, कॉल तुटत असतील तर ३६–४८ किंवा १४९–१६१.
– देश : भारत. सुरक्षा : डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३.
– बदलाआधी स्क्रीनशॉट, एका वेळी एकच बदल, चाचणी त्याच जागी आणि रात्री.
– तरीही अडचण असेल तर आधी राऊटरची जागा, मग केबलवरचा दुसरा ॲक्सेस पॉइंट. मोठा प्लॅन सर्वांत शेवटी.